द्वारकाबाईंचा ज्येष्ठ महिना

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी नावं ठेवायला नकोत. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका गिरणीत मी बावीस वर्षं खरेदीबाबू होतो. सुतळीपासून बॉयलरच्या नळीपर्यंत जे काही विकत घ्यायचं ते माझ्या सहीनं. बाजारातले सेठलोक मला लांबून पाहिलं की आपसात म्हणत, "लो भिया, दौलतरावजी आले, आज कमाई विसरा." मला त्याचा अभिमान होता. भाव पाडण्यात आपला हात धरणारा इंदुरात कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात मानपुरला चारचौघांदेखत खोटी ठरली. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

झालं असं. आदल्या आषाढात आमची अंबिका गेली. एकुलती एक पोर, चोवीस वर्षांची. बेटम्याला दिली होती. जावई श्रीपाद तिथल्या शाळेत मास्तर. मुदतीचा ताप भरला आणि यांनी गावच्या वैद्याच्या पुड्यांवर चार दिवस काढले. इंदुरात दवाखान्यात आणली तेव्हा डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात. त्या दिवसापासून श्रीपादचं नाव मी घरात बंद केलं. पुढे फाल्गुनात त्याच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. पोरीचं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नाही आणि हा गृहस्थ मुंडावळ्या बांधतो? पत्रिका फाडून चुलीत घातली आणि बायकोला बजावलं, की या माणसाचं तोंड मी मरेपर्यंत पाहणार नाही, आणि तूही पाहायचं नाहीस.

शांता, म्हणजे माझी बायको, काही बोलली नाही. ती हल्ली काहीच बोलत नसे. हो, नाही, वाढू का, एवढंच. जेवणावरची वासना उडाली होती, चोळ्या अंगात लोंबायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "इथे औषधाचं काम नाही. हवापालट करा. शांत जागी न्या, महिनाभर तरी." मी आतून हादरलो. पोर गेली, आता हीही हातची जाते की काय? काहीही करून हिला परत माणसात आणायची, एवढं एकच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

आणि तेवढ्यात कानावर आलं, की मानपुरच्या बारा घरांच्या बंगल्यातला एक महिना विकायला निघालाय.

हा बंगला काय प्रकार आहे ते सांगतो. संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारातल्या बारा मराठी घरांनी मिळून मानपुरला, आग्रा-मुंबई सडकेपासून थोडा आत, एक जुना बंगला घेतला होता. घाटाच्या डोक्यावर, भोवती आमराई, वारा भरपूर. एकट्यादुकट्याला परवडेना, म्हणून बारा जणांनी चिठ्ठ्या टाकून बारा महिने वाटून घेतले. चैत्र एकाचा, वैशाख दुसऱ्याचा, असं. आपल्या महिन्यात आपण राहायचं, महिना संपला की झाडूनपुसून पुढच्याला किल्ली द्यायची, आणि हे दर वर्षी, कायमचं. कोणाला नको झालं तर तो आपला महिना विकू शकत होता. सगळ्याची नोंदवही नानासाहेब म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे असे.

विकायला निघालेला महिना ज्येष्ठ होता आणि तो द्वारकाबाईंचा होता. नवऱ्याच्या, अप्पासाहेबांच्या मागे एकट्या राहिलेल्या, सत्तरीच्या बाई.

मी थेट त्यांच्याकडे गेलो नाही. विकणाऱ्याच्या दारात जाण्याआधी वही बघायची, ही माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट. नानासाहेबांकडे बसून जुने व्यवहार उतरवून घेतले. कार्तिक सहाशेला गेला होता, माघ साडेचारशेला. उन्हाळ्याचा महिना आजवर एकदाच विकला गेला, वैशाख, तो अकराशेला. मरम्मतीची वर्गणी वर्षाला चाळीस, आणि द्वारकाबाईंची दोन वर्षांची थकलेली. नानासाहेब म्हणाले, "बाकीच्या चालीरीती बाई सांगतीलच." मी म्हटलं, "चालीरीतींचं बघू मग. छप्पर गळतं का, ते सांगा." गळत होतं. तेही लिहून घेतलं.

घरी येऊन पंचांग उघडलं आणि चाट पडलो. त्या वर्षी अधिक महिना होता, आणि तोही ज्येष्ठच. आधी अधिक ज्येष्ठ, त्याच्या पाठोपाठ नेहमीचा. एकाच्या पैशात दोन महिने. तसा अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचा. आमच्या घरी कसलं वाण आणि कसला जावई? मला फक्त साठ दिवस दिसत होते. म्हातारीच्या हे लक्षात आलं तर भाव दुप्पट करील, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही दोघं द्वारकाबाईंकडे गेलो. शांतेला मुद्दामच नेलं. खंगलेली बायको समोर बसली की विकणाऱ्याचा हात जरा सैल होतो. हो, इतका मी हिशेबी. आज लाज वाटते, पण केलं ते केलं.

बाईंनी पन्हं दिलं आणि भाव सांगितला, "सोळाशे."

माझं पन्हं धोतरावर सांडलं. "सोळाशे? काकू, तेवढ्यात मला महूला अख्खं घर मिळेल."

"मग महूला घ्या की. मानपुरच्या आमराईतला आंबा कोणाच्या महिन्यात उतरतो, ठाऊक आहे? वैशाखवाले बसतात कैऱ्या चोखत."

बाई कच्ची नव्हती. मी खिशातून कागद काढला. "वैशाख अकराशेला गेला, हे बघा. छप्पर गळतं. न्हाणीच्या दाराला कडी नाही. वर्गणीचे ऐंशी थकलेत. मी आठशे देतो आणि वर्गणी तुम्ही भरायची."

"कडी दोन रुपयांत येते, दौलतराव."

"मग लावली का नाही?"

"कारण मी न्हाताना दारावर कोणी येत नाही."

अशी आमची तासभर जुंपली. त्या पन्नास पन्नासनं उतरत होत्या, मी पंचवीस पंचवीसनं चढत होतो. शेवटी त्या बाराशे पन्नासवर अडल्या आणि मी नऊशेवर. माझ्याकडे होतेच नऊशे, गिरणीच्या फंडातून काढलेले. तेव्हा मी माझा हुकमी डाव टाकला. टोपी घातली, शांतेला "चल गं" म्हटलं आणि उठलो. उठलेल्या गिऱ्हाइकाला सेठ दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊ देतो, सडकेवर जाऊ देत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "खुशाल जा. शांताबाईंना हळदीकुंकू लावते, तेवढं थांबा." दोघी आत गेल्या. मी टोपी घालून ओसरीवर बावळटासारखा उभा. हळदीकुंकवाला किती वेळ लागतो? वीस मिनिटं झाली. माझा पारा चढत चालला होता. अखेर द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नऊशे. वर्गणीही मीच भरीन. घ्या तुमचा ज्येष्ठ."

साडेतीनशे रुपये, एका दमात. मला आधी आनंद झालाच नाही, धक्का बसला. आमच्या धंद्यात असं कोणी खाली येत नाही. दहा येतात, पंधरा येतात, फार तर पंचवीस. मग मी स्वतःची समजूत घातली, की टोपीचा प्रताप. घरी जाताना टांग्यात शांतेला म्हटलं, "पाहिलंस? साडेतीनशे पाडले." ती म्हणाली, "पाहिलं."

अधिक ज्येष्ठ लागला त्या दिवशी आम्ही मानपुरला गेलो. मला आठच दिवसांची रजा होती. पुढे मी इंदूरला राहायचं आणि शनिवारी प्रवासी मोटारीनं यायचं, असं ठरलं. तिला एकटीला सोडून जाताना जीव खालीवर होत होता. चौकीदाराच्या बायकोला सोबतीला ठेवलं.

पहिल्या शनिवारी आलो, तर शांता तिच्याशी बोलत बसलेली. चांगली चार चार वाक्यं. मी फाटकातच थबकलो. तिचा आवाज कसा असतो हे मी विसरलो होतो. दुसऱ्या शनिवारी पाहिलं तर मोठमोठ्या घमेल्यांत तांदूळ भिजत घातलेले. मी विचारलं, "हे काय?"

"अनारशांचं."

"दोघांना इतके?"

"वाटायला होतील."

मी जास्त खोलात गेलो नाही. तिनं माझ्याबरोबर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या, त्यातच माझे नऊशे वसूल झाले होते. सोमवारी गिरणीत जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, की शांत जागेसारखं औषध नाही.

अधिकातला शेवटचा रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. मी आमराईत बाजेवर पडून वर्तमानपत्र वाचत होतो. सडकेवरून मोटारीचा आवाज आला आणि ती मोटार सरळ आमच्या फाटकाशी येऊन थांबली. माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. फेटेवाले, टोपीवाले, नऊवारीतल्या बायका, पोरं, सतरंज्या, पितळी पातेली. मी उठून फाटकाशी धावलो. सगळ्यांच्या पुढे नानासाहेब, जरीचा रुमाल बांधून.

"अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं. "हा महिना माझा आहे. पैसे मोजलेत मी."

"तुमचाच आहे, म्हणून तर आलो," नानासाहेब म्हणाले. "ज्याचा महिना अधिक येतो, त्यानं त्या महिन्यात बाराही घरच्या जावयांना वाण द्यायचं आणि जेवू घालायचं. बंगला घेतला तेव्हापासूनची रीत आहे. मागच्या खेपेला श्रावणवाल्यांनी केलं, त्याआधी भाद्रपदवाल्यांनी. बाईंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी विचारलं, "जावई किती?"

"एकवीस. शिवाय मंडळी."

एकवीस जावई, प्रत्येकाला तेहतीस अनारसे. डोक्यानं सवयीनं गुणाकार केला: सहाशे त्र्याण्णव. आणि मग मला ती तांदळाची घमेली दिसली. मी तसाच मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो.

शांता पदर खोचून चुलीपुढे होती. चार बायका हाताखाली, आणि भिंतीला लागून टोपल्याच टोपल्या, अनारशांनी भरलेल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"हळदीकुंकू लावलं तेव्हापासून." तिनं झारा खाली ठेवला. "द्वारकाबाईंना या वयात एवढं झेपणार नव्हतं, म्हणून त्या महिना विकत होत्या. मी म्हटलं, सगळं मी करते, पण भाव खाली आणा, यांच्याकडे नऊशेच आहेत. त्या म्हणाल्या, साडेतीनशे सोडते."

म्हणजे टोपी नाही, कागद नाही, गळकं छप्पर नाही. बावीस वर्षांचा खरेदीबाबू ओसरीवर उभा होता आणि सौदा आत माझ्या न बोलणाऱ्या बायकोनं केला होता. मी हतबुद्ध झालो. आणि मला काही सुचेनासं झालं की मी करतो तेच केलं, चिडलो.

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं? तुला शांत जागी ठेवा म्हणून. मी फंड मोडला त्यासाठी, आणि तू ही जत्रा भरवलीस?"

"शांतता घरी होतीच की," ती म्हणाली. "अकरा महिने होती."

तेवढ्यात खिडकीतून फाटक दिसलं. सडकेकडून पायी पायी एक माणूस येत होता, हातात पत्र्याची ट्रंक. मागे डोईवर पदर घेतलेली एक किरकोळ पोरगी, हातभर हिरव्या बांगड्या. माणूस श्रीपाद होता.

माझ्या अंगाची लाही झाली. मी कसा बाहेर गेलो ते मला आठवत नाही. फाटकात आडवा उभा राहिलो.

"इथे काय काम आहे तुझं?"

"मामा, आईंचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "आलंच पाहिजे म्हणून."

"ही पुढची मोटार पकड आणि परत जा."

तो वाद घालायला उभा राहिला नाही. "जातो," म्हणाला. "हिला घोटभर पाणी तेवढं देता का? उन्हातून चालत आलीय."

"श्रीपाद, आत या. बेबी, तूही ये."

आवाज माझ्या मागून आला. शांतेचा. इतका मोठा, की आमराईच्या टोकाला बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. मी मागे फिरलो. ती पायऱ्या उतरून आली होती, हात पिठानं माखलेले.

"शांते, घरात जा," मी म्हटलं. "हा बंगला, हा महिना मी विकत घेतलाय. इथे कोणी यायचं ते मी ठरवीन."

"तुम्ही ज्येष्ठ घेतलात. तो परवा लागतो. लागला की खुशाल दार लावून बसा," ती म्हणाली. "अधिक मी घेतलाय. साडेतीनशेला. पाठ मोडेपर्यंत अनारसे थापून फेडलेत मी ते. यात माझा जावई जेवणार. आणि हिला आई नाही. पहिलीच्या माहेरी दुसरीनं यायची आपल्यात रीत आहे, ती मी मोडणार नाही."

बारा घरं ऐकत होती. रागही येईना, म्हणजे नुसता धक्का. आणि त्या धक्क्यात, अकरा महिने जे मनात कुजत होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं, ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"चार दिवस का ठेवलीस रे तिला त्या वैद्याकडे? मला निरोप का नाही धाडलास?"

श्रीपादनं ट्रंक खाली ठेवली.

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच मी निघालो होतो. तिनं जाऊ दिलं नाही. म्हणाली, साधा ताप आहे, उतरेल. आबांना उगीच गिरणीतून पळत यायला लावलं तर ते भडकतील, सगळ्यांना बोलतील, आईला बोलतील. नका कळवू." मग म्हणाला, "मी तिचं ऐकायला नको होतं, मामा."

मी शांतेकडे पाहिलं. तिला हे ठाऊक होतं, दवाखान्यातल्या त्या दिवसापासून. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. अकरा महिने ती का बोलत नव्हती, ते मला तिथे, त्या फाटकात, भर उन्हात कळलं. बोलली असती तर हेच बोलावं लागलं असतं. मी फाटकाचा खांब धरला. माझ्या रागाला भिऊन माझी पोर चार दिवस तापात पडून राहिली. हे मी आज लिहितो आहे, तरी माझा हात थांबतो.

मी फाटकातून बाजूला झालो.

मग पंगत बसली. यजमान म्हणून वाण मलाच द्यायचं होतं. तांब्याचं ताम्हन, त्यात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. मी एकेका जावयापुढे वाकत गेलो. एकवीस झाले. बाविसावा श्रीपाद. त्याच्यापुढे ठेवताना ताम्हन माझ्या हातून कललं आणि दिवा विझला. त्यानंच तो शेजारच्या दिव्यावर पुन्हा लावून घेतला आणि म्हणाला, "असू द्या." त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. वय तिशीचं.

बायकांच्या पंगतीत सगळ्या बसल्या, ती बेबी मात्र वाढलेलं पान हातात घेऊन उभीच. इकडे तिकडे बघत माझ्याजवळ आली. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत. ती हळूच म्हणाली, "आबा, ताईंचा फोटो कुठे ठेवलाय? आधी त्यांना पान दाखवते, मग मी बसते."

आबा मला एकच जण म्हणायची.

फोटो तिथे नव्हता. इंदूरच्या घरी भिंतीवर होता, तो मी आषाढातच उतरवून पेटीत घातला होता. दिसला की मला त्रास होतो म्हणून. शांतेला विचारलं नव्हतं. ती इतके महिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती, आणि मी तिच्यासाठी हवापालट शोधत होतो.

"घरी आहे," मी त्या पोरीला म्हटलं. "तू पान झाकून ठेव. मी घेऊन येतो."

नानासाहेब म्हणाले, "अहो दौलतराव, यजमान असा पंगतीतून उठून जातो का? किल्ली तरी आहे का बरोबर, का तिथे जाऊन कुलूप तोडणार?"

मी टोपी घातली आणि सडकेवर येऊन इंदूरच्या मोटारीत बसलो. पेटीची किल्ली माझ्या कडदोऱ्यालाच होती. अकरा महिने मी ती अंगावर घेऊन हिंडत होतो.